पाठीला पाठ लावलेले बाळ : प्रसूतिपूर्व तयारीच्या कल्पनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गर्भाचे डोके खाली असले म्हणजे बाळंतपण सुरळीत होणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती पुष्कळ अंशी बरोबरही आहे. तथापि डोके खाली असूनही ते कोणत्या दिशेला वळलेले आहे, यावर प्रसूतीचा कालावधी, कळांचे स्वरूप आणि मातेला होणारी इजा या तिन्ही गोष्टी बऱ्याच प्रमाणात अवलंबून असतात. बाळाचे तोंड आईच्या पाठीकडे असेल तर वाट सोपी असते. बाळाची पाठ आईच्या पाठीला लागून असेल, म्हणजे त्याचे तोंड आईच्या पोटाकडे असेल, तर तीच वाट लांबते. वैद्यकीय परिभाषेत या स्थितीस ऑक्सिपिटो-पोस्टेरिअर असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख 'पाठीला पाठ स्थिती' असा केला आहे.

या स्थितीसाठी गर्भवतीने कोणती तयारी करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. परंतु त्याला इतिहास आहे. कोणत्या काळात ही तयारी कोणी करावयाची मानली गेली, तिचा भार कोणावर टाकला गेला आणि तयारी फसल्यास दोष कोणाला दिला गेला, हे पाहिल्यास प्रसूतिशास्त्राच्या वाटचालीबरोबरच समाजाची स्त्रीकडे पाहण्याची दृष्टीही स्पष्ट होते. 'तू हालचाल केली नाहीस', 'तू चुकीची बसलीस' हे शब्द लांबलेल्या बाळंतपणानंतर आजही ऐकू येतात. त्यांना शास्त्राचा आधार कितपत आहे, याचा शोध ऐतिहासिक क्रमाने घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

स्थितीचे स्वरूप

श्रोणीचा मार्ग हा सरळ नळीसारखा नाही. त्याचे प्रवेशद्वार आडवे रुंद असते, तर बाहेर पडण्याचे द्वार पुढून मागे रुंद असते. त्यामुळे बाळाच्या डोक्याला खाली उतरताना वळावे लागते. हनुवटी छातीला टेकवून, डोक्याचा मागचा भाग पुढे ठेवून बाळ उतरते, तेव्हा मार्गात येणारा डोक्याचा व्यास सुमारे ९.५ सेंटिमीटर असतो. पाठीला पाठ स्थितीत बाळाची हनुवटी पुरेशी खाली झुकत नाही, डोके काहीसे ताठ राहते आणि मार्गात येणारा व्यास सुमारे ११.५ सेंटिमीटरपर्यंत जातो. दोन सेंटिमीटरचा हा फरक लहान दिसला तरी हाडांच्या अरुंद मार्गात तो निर्णायक ठरू शकतो.

याचे परिणाम ठरावीक असतात. कळा पोटापेक्षा कमरेत अधिक जाणवतात. दोन कळांच्या मध्येही पाठदुखी पूर्णपणे थांबत नाही. गर्भजलाची पिशवी लवकर फुटण्याचा संभव असतो. गर्भाशयमुख हळूहळू उघडते आणि ते पूर्ण उघडण्यापूर्वीच जोर करण्याची ऊर्मी येते. डोके मागून पुढे येण्यासाठी सुमारे १३५ अंशांचे वळण घ्यावे लागते व त्याला वेळ लागतो. कळा सुरू होताना ही स्थिती साधारणपणे १५ ते ३० टक्के प्रसूतींत आढळते. जन्माच्या क्षणी मात्र ती सुमारे ५ ते ८ टक्क्यांतच उरते. म्हणजेच बहुसंख्य बाळे वाटेतच स्वतःहून वळतात. या एका वस्तुस्थितीचे आकलन होण्यास प्रसूतिशास्त्राला फार मोठा काळ लागला.

प्राचीन भारतीय ग्रंथांतील विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचे स्वतंत्र विवेचन आहे. कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे अडलेल्या गर्भाचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. परंतु विकृत वायूमुळे गर्भ अनेक प्रकारांनी अडू शकत असल्याने चार ही संख्या पुरेशी नाही, असेही नमूद केले आहे. चिकित्सास्थानात मूढगर्भ बाहेर काढणे हे शल्यकर्मांतील अत्यंत कठीण कर्म मानले आहे, कारण ते न पाहता, केवळ हाताच्या स्पर्शाने करावे लागते. सुश्रुतोक्त प्रकारांत हात, पाय, कूस किंवा पाठ आधी येणारे गर्भ प्रामुख्याने दिसतात. डोके खाली असून केवळ दिशा उलट असलेल्या गर्भाची वेगळी गणना तेथे स्पष्टपणे आढळत नाही. त्यामुळे आजच्या पाठीला पाठ स्थितीचे ज्ञान सुश्रुताला होते, असे ओढूनताणून म्हणण्याचे कारण नाही.

तयारीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो चरकसंहितेतील शारीरस्थानाचा आठवा अध्याय. नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार सिद्ध करावे, तेथे लागणारे साहित्य जमवावे आणि अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ, कुशल व क्लेश सहन करणाऱ्या स्त्रिया जवळ असाव्यात, असा तेथील उपदेश आहे. याच अध्यायात एका मतभेदाची नोंद आहे. कळा येऊनही प्रसूती होत नसेल तर स्त्रीने उठून मुसळ घ्यावे व उखळात धान्य कांडावे, असे काहींचे मत होते. आत्रेयांनी ते अमान्य केले. गर्भिणीला कठोर व्यायाम सदैव वर्ज्य सांगितला आहे. प्रसूतीच्या वेळी तर तिचे सर्व धातू व दोष विचलित झालेले असतात, अशा वेळी मुसळाचे श्रम तिच्या प्राणावर बेतू शकतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्याऐवजी अधूनमधून चालणे आणि जांभई देणे त्यांना मान्य आहे. कळ नसताना जोर करणे व्यर्थ व अपायकारक असल्याचा इशाराही याच ठिकाणी मिळतो.

या मतभेदाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. अडलेल्या बाळंतपणात स्त्रीकडून अधिक श्रम करवून घ्यावेत की तिच्याभोवतीची व्यवस्था नीट करावी, हा वाद भारतीय वैद्यकात किती जुना आहे हे त्यातून दिसते. चरकाने दिलेले उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे. तेथे तयारीचा मोठा भाग घर, साहित्य आणि सोबतीच्या स्त्रिया यांच्याकडे सोपवलेला आहे.

हात, चिमटा आणि निरीक्षण : अठरावे व एकोणिसावे शतक

युरोपात प्रसूतीच्या यंत्रणेचा पद्धतशीर अभ्यास सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढीस लागला. पॅरिस येथील फ्रांस्वा मोरिसो यांनी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बाळंतपणासाठी पलंगावर रेलून निजण्याचा पुरस्कार केला. पूर्वी युरोपातही प्रसूतीच्या खुर्चीवर बसणे रूढ होते. पलंगावर निजलेल्या स्त्रीला तपासणे वैद्याला सोयीचे होते. त्या सोयीचा स्त्रीच्या हालचालीवर झालेला परिणाम मात्र बराच काळ कोणी विचारात घेतला नाही.

डब्लिन येथील फील्डिंग औल्ड यांनी १७४२ च्या आपल्या ग्रंथात बाळाचे डोके श्रोणीत शिरताना बाजूला वळलेले असते, हे निरीक्षण मांडले. त्यापूर्वी डोके सरळ उतरते अशीच समजूत होती. लंडनमध्ये शिकवणाऱ्या विल्यम स्मेली यांनी १७५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात श्रोणीची मापे व डोक्याचे वळण यांचा संबंध अधिक स्पष्ट केला. पाठीला पाठ असलेल्या बाळाचे डोके चिमट्याच्या साहाय्याने पुढे वळवून प्रसूती करण्याचा मार्गही त्यांनी दाखवला. तोवर चिमटा हे मुख्यतः ओढण्याचे साधन होते. स्मेली यांच्या हाती ते वळवण्याचेही साधन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे स्कान्झोनी यांनी चिमटा दोनदा लावून डोके फिरवण्याची पद्धत रूढ केली.

याच काळात दुसरा प्रवाह निरीक्षणाचा होता. हायडेलबर्ग येथील फ्रांत्स नेगेले यांनी १८१९ मध्ये प्रसूतीच्या यंत्रणेवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. डोक्याचा मागचा भाग उजवीकडे व मागे असण्याची स्थिती दुर्मीळ नाही आणि अशी बहुसंख्य बाळे कोणीही हात न लावता स्वतःहून पुढे वळतात, असे त्यांनी काळजीपूर्वक तपासणीच्या आधारे दाखवून दिले. 'केव्हा हात लावावा' याबरोबरच 'केव्हा हात लावू नये' हा प्रश्नही त्यामुळे शास्त्राच्या कक्षेत आला. वाट पाहणे हीसुद्धा कौशल्याची बाब आहे, हा नेगेले यांच्या कामाचा खरा अर्थ होय.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रातील बाळंतपणे या काळात घरोघरी, सुइणीच्या हातूनच होत असत. सुइणीचे ज्ञान लिखित नव्हते. पोट चाचपून बाळाचा हात-पाय कोठे लागतो हे ओळखणे, कंबर चोळणे, बाईला उकिडवे बसवणे वा ओणवे करणे हे तिचे मुख्य उपाय होते. स्वच्छतेविषयीचे अज्ञान आणि खरोखर अडलेल्या प्रसूतीत पुढे पाठवण्यास जागाच नसणे, या तिच्या मर्यादा होत्या.

आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले आणि वैद्यकाकडे वळण्यामागे तो अनुभव होता, हे त्यांच्या चरित्रातून सर्वज्ञात आहे. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. संस्कृत ग्रंथांतील गर्भिणीचर्या व प्रसवविचार पाश्चात्य वैद्यकाच्या विद्यापीठासमोर मांडण्याचा एका मराठी स्त्रीचा हा प्रयत्न होता. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि या दोन ज्ञानपरंपरांची प्रत्यक्ष व्यवहारात गाठ घालून देण्याचे कार्य त्यांच्या हातून होऊ शकले नाही.

संस्थात्मक पातळीवर मात्र बदल सुरू झाला होता. १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली, १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले, १९०३ मध्ये सुइणींच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभा राहिला आणि १९२६ मध्ये परळ येथे वाडिया प्रसूतिगृह अस्तित्वात आले. या संस्थांमुळे अडलेल्या बाळंतिणीला जाण्यासाठी जागा मिळाली. त्याचबरोबर बाळंतीण जमिनीवरून पलंगावर आली आणि तिच्या भोवतीची ओळखीची माणसे दाराबाहेर राहिली. रुग्णालयीन प्रसूतीचे लाभ निर्विवाद आहेत. पण चरकाने आवश्यक मानलेली सोबत या व्यवस्थेत फारशी विचारात घेतली गेली नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

विसावे शतक : हाडांपासून यंत्रापर्यंत

नॉर्वेतील ख्रिश्चन किलँड यांनी १९१५-१६ च्या सुमारास डोके फिरवण्यासाठी खास बनवलेला चिमटा मांडला. १९३३ मध्ये न्यूयॉर्क येथील काल्डवेल व मोलॉय यांनी एक्स-रेच्या अभ्यासातून स्त्रीच्या श्रोणीचे चार प्रमुख प्रकार सांगितले. त्यांपैकी पुरुषी ठेवणीची आणि पुढून मागे लांबट अशी श्रोणी असलेल्या स्त्रियांत पाठीला पाठ स्थिती अधिक आढळते, असे या वर्गीकरणातून पुढे आले. आता स्थितीचे कारण स्त्रीच्या हाडांत शोधले जाऊ लागले. हाडे बदलता येत नसल्याने तयारीचा प्रश्नच उरला नाही. जे करावयाचे ते प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांनी करावयाचे, असा या काळाचा सूर होता.

१९५० च्या दशकात स्वीडनचे माल्मस्ट्रॉम यांनी व्हॅक्यूमचे उपकरण प्रचारात आणले. भूल, रक्तपुरवठा आणि प्रतिजैविके यांच्या प्रगतीमुळे सिझेरियन सुरक्षित होत गेले. परिणामी हाताने वा चिमट्याने डोके वळवण्याचे अवघड कौशल्य हळूहळू मागे पडले. अननुभवी हातातील चिमट्यापेक्षा शस्त्रक्रिया केव्हाही बरी, हा विचार चुकीचा नव्हता. परंतु कौशल्य शिकवणारे हात कमी झाले की ते शिकण्याची संधीही कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या आणि २५.४ टक्के प्रसूतींत सिझेरियन झाले. या वाढीला अनेक कारणे आहेत. ती केवळ गर्भाच्या स्थितीशी जोडता येणार नाही. मात्र लांबलेल्या प्रसूतीची एक वाट शस्त्रक्रियागृहाकडे जाते, हे त्यामागील एक वास्तव आहे.

आसनांची चळवळ

१९८३ मध्ये अमेरिकेतील अँड्र्यूज व अँड्र्यूज यांनी १०० गर्भवतींवरील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. हात व गुडघे टेकून ओणवे राहिल्यास दहा मिनिटांनंतर गर्भाची स्थिती पालटलेली आढळते, असे त्यात दिसले. हा परिणाम तात्कालिक होता. तो प्रसूतीपर्यंत टिकतो का, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

१९९० च्या दशकाच्या मध्यास न्यूझीलंडमधील सुईण जीन सटन आणि प्रसूतिशिक्षिका पॉलिन स्कॉट यांनी गर्भाची अनुकूल स्थिती या संकल्पनेला पुस्तकरूप दिले. आधुनिक स्त्री मऊ सोफ्यावर मागे रेलून बसते, मोटारीत बसते, जमिनीवरची कामे करत नाही; म्हणून बाळाच्या पाठीचा जड भाग आईच्या पाठीकडे झुकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर उपायही त्यांनी सुचवले : शेवटच्या आठवड्यांत गुडघे कमरेपेक्षा खाली ठेवून बसावे, पुढे झुकावे, रांगण्याच्या स्थितीत राहावे, मागे रेलणे टाळावे. ही शिकवण इंग्रजी भाषक देशांत झपाट्याने पसरली.

मराठी घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या सल्ल्याशी हा विचार सहज जुळणारा आहे. जात्यावर दळणे, उकिडवे बसून केर काढणे, ओणवे होऊन फरशी पुसणे म्हणजे बाई लवकर मोकळी होते, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. न्यूझीलंडचा नवा विचार आणि आजीचा जुना सल्ला यांत एक समान गृहीतक आहे : बाळ कसे वळेल हे आईच्या दैनंदिन वर्तनावर अवलंबून असते. या गृहीतकाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. यंत्र व शस्त्रक्रिया यांच्या काळात स्त्रीला स्वतःसाठी काही करता येते, हा विश्वास त्याने दिला. परंतु जे करता येते, ते न केल्याचा दोषही मग तिच्याच माथी येतो. हा विश्वास कसोटीला लावणे म्हणूनच आवश्यक होते.

चाचण्यांचा कौल

ही कसोटी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये घेण्यात आली. करिमिनिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २,५४७ गर्भवतींचा समावेश होता. एका गटाने ३७ व्या आठवड्याच्या सुमारापासून कळा सुरू होईपर्यंत दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, हात व गुडघे टेकून कंबर हळूहळू डोलवण्याचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाला रोज चालण्यास सांगितले. जन्माच्या वेळी पाठीला पाठ स्थिती पहिल्या गटात ८.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ७.८ टक्के आढळली. म्हणजे व्यायामाने काहीही फरक पडला नाही.

याचे स्पष्टीकरण अल्ट्रासाऊंडवर आधारित अभ्यासांतून मिळते. फिनलंडमधील गार्डबर्ग व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४०८ स्त्रियांच्या अभ्यासातून असे दाखवले, की जन्माच्या वेळी पाठीला पाठ असलेल्या बाळांपैकी सुमारे दोन तृतीयांश बाळे कळांच्या आरंभी त्या स्थितीत नव्हतीच. ती प्रसूतीच्या वाटेत उलट वळली. बोस्टन येथील लिबरमन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १,५६२ स्त्रियांच्या पुनःपुन्हा केलेल्या तपासणीतून हीच गोष्ट अधोरेखित केली. एपिड्युरल घेतलेल्या स्त्रियांत जन्माच्या वेळी ही स्थिती १२.९ टक्के, तर न घेतलेल्यांत ३.३ टक्के आढळली. मात्र अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. लांबलेल्या, तीव्र वेदनेच्या प्रसूतीतच एपिड्युरलची मागणी अधिक होते, ही शक्यताही लक्षात घ्यावी लागते.

या निष्कर्षांचा अर्थ गंभीर आहे. नवव्या महिन्यात बाळ कोणत्या दिशेला आहे, यावरून प्रसूतीचे भाकीत करता येत नाही. आज पाठीला पाठ असलेले बाळ बहुधा वळेल, आणि आज अनुकूल असलेले बाळ वाटेत उलटही वळू शकेल. तेव्हा सोफ्यावर बसल्यामुळे किंवा फरशी न पुसल्यामुळे बाळंतपण अडले, या आरोपाला आधार उरत नाही.

कळा सुरू झाल्यानंतरच्या आसनांबाबतचा पुरावा काहीसा वेगळा आहे. स्ट्रेमलर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४७ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. हात व गुडघे टेकून राहिल्याने बाळ वळण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक दिसला नाही, पण पाठदुखी लक्षणीयरीत्या कमी झाली. २०१६ मध्ये जिनिव्हा आणि पॅरिस येथील स्वतंत्र चाचण्यांतही विशिष्ट आसनाने बाळ वळते, हे सिद्ध झाले नाही. थोडक्यात, ओणवे होण्याने बाळ वळेल अशी खात्री देता येत नाही. आईला आराम मिळण्याचा संभव मात्र आहे. सुइणीने बाईला ओणवे करून तिची कंबर चोळणे, याचे मोल या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे.

हाताने डोके वळवण्याच्या जुन्या कौशल्याकडेही पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. अलीकडे फ्रान्स व ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. निव्वळ बोटांच्या तपासणीने डोक्याची दिशा ओळखताना चुका होतात, हे अल्ट्रासाऊंडच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. म्हणून चिमटा वा व्हॅक्यूम लावण्यापूर्वी दिशेची खात्री करून घेण्यावर आता भर दिला जातो.

तयारीचा बदललेला अर्थ

वरील इतिहासाच्या प्रकाशात 'तयारी' या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागतो. बाळ वळवण्याची हमी देणारा कोणताही घरगुती उपाय उपलब्ध नाही. लांबणाऱ्या प्रसूतीला तोंड देण्याची सिद्धता मात्र करता येते, आणि ती अनेकांनी मिळून करावयाची असते.

तिचा पहिला भाग माहितीचा आहे. कळा कमरेत येणे, त्या सुरुवातीला अनियमित असणे आणि प्रसूती सावकाश पुढे सरकणे ही या स्थितीची नेहमीची लक्षणे आहेत, हे आधीच ठाऊक असलेली स्त्री व तिचे कुटुंब घाबरून जात नाहीत. मागे रेलून बसल्यामुळे आपण बाळाचे नुकसान केले, ही भीतीही दूर होते. शेवटच्या आठवड्यांत चालणे, झेपेल ती हालचाल करणे हे एरवी आरोग्यास हितकारक आहे. परंतु ते बाळ वळवण्याचे औषध म्हणून लादण्याचे कारण नाही.

दुसरा भाग वेदना व शक्ती यांच्या व्यवस्थेचा आहे. कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने स्थिर दाब देणे, उबदार शेक, कुशीवर वळणे, पुढे झुकून आधार घेणे, अधूनमधून द्रव पदार्थ घेणे आणि आवश्यकता वाटल्यास वेदनाशामक उपचार मागणे, हे सर्व त्यात येते. एपिड्युरल मागणे हा कमकुवतपणा नव्हे. गर्भाशयमुख पूर्ण उघडण्यापूर्वी येणारी जोराची ऊर्मी कशी आवरावी, यासाठी परिचारिकेचे मार्गदर्शन लागते. चरकाने अकाली जोर करण्याविरुद्ध दिलेला इशारा येथे आठवतो, जरी त्यामागील शारीरिक मीमांसा वेगळी होती.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग संस्थेचा आहे. वाट पाहणे सुरक्षित असते ते सतत देखरेख असेल तरच. प्रसूतीचा वेग आलेखावर मांडण्याची कल्पना फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये दिली. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियातील फिलपॉट व कॅसल यांनी तिला इशारा व कृती अशा दोन रेषा जोडून, दूरच्या दवाखान्यातून बाळंतिणीला वेळीच पुढे पाठवण्याचे साधन बनवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येक स्त्रीचे गर्भाशयमुख तासाला एक सेंटिमीटर या ठरावीक गतीने उघडलेच पाहिजे, हा आग्रह सोडण्याची शिफारस केली. पाठोपाठ २०२० मध्ये नवीन नोंदतक्ता आला. त्यात गर्भाच्या डोक्याच्या स्थितीसाठी जसा रकाना आहे, तसाच सोबतीची व्यक्ती, वेदनाशमन, तोंडाने दिलेले द्रव आणि स्त्रीचे आसन यांच्यासाठीही आहे. सोबत असणे ही आता दयेची बाब राहिलेली नाही. ती नोंदवावयाची व उत्तर द्यावयाची बाब झाली आहे.

भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीस स्त्री असण्यास मान्यता दिली, २०१७ मध्ये प्रसूतिगृहांच्या गुणवत्तेसाठी 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू केला आणि २०१८ मध्ये प्रशिक्षित सुईण-परिचारिकांच्या सेवेचे मार्गदर्शक धोरण आणले. ही पावले योग्य दिशेची आहेत. त्यांची खरी कसोटी गर्दीच्या प्रसूतिकक्षातच लागते. एकाच परिचारिकेकडे अनेक बाळंतिणी असतील तर सावकाश चालणाऱ्या प्रसूतीला लागणारा वेळ कोणी द्यावयाचा, हा प्रश्न कागदावरील धोरणाने सुटत नाही.

निष्कर्ष

पाठीला पाठ स्थितीच्या इतिहासात कारण शोधण्याची जागा वेळोवेळी बदलत गेली. प्राचीन ग्रंथांनी अडलेल्या गर्भाचे कारण वायूत पाहिले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाने स्त्रीच्या हाडांत, तर त्याच्या अखेरच्या दशकाने तिच्या बसण्या-उठण्यात. नेगेले यांनी १८१९ मध्ये केलेले निरीक्षण या सर्वांत अधिक टिकाऊ ठरले : बहुतेक बाळे आपली वाट आपणच शोधतात. आधुनिक चाचण्यांनी त्याला जोड दिली ती ही, की ही वाट प्रामुख्याने कळांच्या काळातच ठरते आणि आधीच्या आठवड्यांतील आईच्या आसनाने ती बदलल्याचे दिसत नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लांबलेल्या वा शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणाचा दोष स्त्रीच्या आळसाला देण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. दुसरी, तयारीची जबाबदारी गर्भवतीच्या एकटीच्या अंगावरून काढून कुटुंब, परिचारिका, डॉक्टर आणि शासन यांच्यात वाटून घेणे आवश्यक आहे. मुसळ हाती देण्यास नकार देऊन सोबतीला अनुभवी स्त्रिया बसवणाऱ्या आत्रेयांची भूमिका, तिच्यामागील जुनी शरीरकल्पना बाजूला ठेवली तरी, या बाबतीत आजच्या पुराव्याच्या बरीच जवळ आहे. प्रसूतिगृहांची उभारणी करताना इमारत व उपकरणे यांच्या इतकाच विचार त्या सोबतीचा आणि सावकाश चालणाऱ्या प्रसूतीला द्यावयाच्या वेळेचा व्हावयास हवा.